सुगंतीबाईचा अर्ज

जगऱ्यावर पाणी मी टाकलं नव्हतं. टाकलं, असं सांगितलं.

एवढं लिहायला मला सात वर्षं लागली. आमच्या सौंसरात हे कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही – तिला हे वाचूनच कळेल. तिचा भाऊ वसंता त्या दिवशी माझ्यासोबत होता, त्याला अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धं तो केव्हाच विसरला. मी शाळेत मास्तर आहे. विहारात रविवारची वंदना मी घेतो. मी म्हणतो, लोक मागून म्हणतात. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही या शीलाशी, माझा आवाज जरा खाली येतो. कुणाच्या लक्षात येत नाही. यावं असं वाटायचं का? कधी कधी वाटायचं.

पण मला सांगायचं आहे ते पाण्याचं नाही. त्याच्या पुढचं आहे. तिथं एकदम जाता येत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

एप्रिल होता. परीक्षा संपल्या होत्या, निकाल लागायचे होते. वसंताची तिगावला संत्र्याची लहानशी बाग आहे. त्याचा एक मित्र, रमेश, मेटॅडोरमधून संत्री नागपूरला नेतो. उन्हाळ्यात गाडी रिकामीच असायची. आमच्या सहली म्हणजे कन्हान नदीच्या रेतीत बसणं, नाहीतर देवगडचा किल्ला चढून उतरणं. त्या वर्षी वसंताच्या डोक्यात पेंचचं जंगल आलं.

“भाऊजी, वाघ आपल्या जिल्ह्यात राह्यते अन् आपण त्याले पुस्तकात पाहून राहिलो,” तो म्हणाला. “वरून तुम्ही मास्तर.”

रमेशच्या गाडीतून आम्ही तिघं सकाळीच निघालो. रामाकोना मागं पडलं, बिछुव्याचा रस्ता धरला. संत्र्याच्या बागा संपल्या, कापूस निघालेली काळी शेतं संपली आणि पानं गळालेला साग लागला. अभयारण्याच्या हद्दीला लागून एक गाव आहे – नाव लिहीत नाही, त्या गावाचं नाव माझ्यामुळं एकदा कागदावर चढलं तेवढं पुरे. गाडी तिथं लावली. कुणीतरी म्हणालं, मंगलूला विचारा, तो जंगल दाखवील.

मंगलू आग राखायचा. उन्हाळ्याचे काही महिने वनखातं गावातलाच एखादा माणूस त्या कामाला लावतं. कुठं धूर दिसला की धावायचं, झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपायची, नाकेदाराला – म्हणजे वनखात्याच्या शिपायाला – खबर द्यायची. मंगलू गोंड, चाळिशीचा, कमी बोलणारा, आणि तेही हिंदीत; त्या बाजूला हिंदीच चालते. खाकी सदऱ्याच्या खिशाला शिट्टी बांधलेली. ते काम त्याला तीन वर्षं मिळत होतं, आणि पुढं कायम करतील अशी आशा होती. हे त्यानं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं.

ती आम्हाला नाल्याच्या वरच्या अंगाला भेटली. मोहाची फुलं वेचत होती. सुगंतीबाई.

त्या भागात मोहाची झाडं घरवारीनं वाटलेली असतात. कागद नसतो, पण कुणाचं झाड कुठलं हे गावाला पाठ असतं. फुलं पहाटेपासून गळतात. वाळलेल्या पानांत ती दिसत नाहीत, म्हणून बरेच लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी होते आणि तिच्यावर पिवळी फुलं लांबून दिसतात. तीच आग कधी कधी पळते आणि जंगल पेटतं. सुगंतीबाईच्या झाडाखाली मात्र जमीन काळी नव्हती. अंगण झाडावं तशी झाडलेली होती. पाल्याचा मोठा ढीग बाजूला लावलेला.

मी मास्तर, विचारायची सवय. विचारलं, तुम्ही जाळत नाही?

“माह्या घरचा आग राखते अन् मीच लावू काय?” ती हसली. “लोकं शेण घालतीन तोंडात. रोज खराट्यानं झाडतो. कंबर मोडते, पण त्याची नौकरी तं राह्यते.”

तिचं बोलणं ऐकून वसंतानं विचारलं, तुम्ही इकडल्या वाटत नाही. तर ती मोहगावची निघाली. मोहगाव म्हणजे आमच्या सौंसरच्या तालुक्यातलं.

“म्हंजे तुमी माह्या माहेरचे झाले,” ती म्हणाली, आणि टोपलीतून ओंजळभर चारं, म्हणजे चारोळीची फळं, काढून माझ्या हातावर ठेवली. त्या क्षणापासून मी ‘भाऊ’ झालो. जात वेगळी, ओळख पाच मिनिटांची. पण सासरच्या जंगलात माहेरच्या तालुक्याचा माणूस भेटणं म्हणजे काय असतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी तेव्हाही ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आम्ही रोडग्यांचं सामान नेलं होतं. कणीक, वांगी, गोवऱ्यांचं पोतं. आमच्याकडं बाहेर जेवायचं म्हणजे रोडगे, दुसरं काही सुचत नाही. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्या निखाऱ्यांचा जगरा झाला की कणकेचे गोळे आत पुरायचे. मंगलू नको म्हणाला. जंगलात चूल पेटवायची मनाई होती आणि ती मनाई पाळून घ्यायलाच त्याला ठेवलेलं. तर सुगंतीबाईच मध्ये पडली. माहेरचे लोक उपाशी जातील काय, म्हणाली. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मला म्हणाला, “नाले की रेती में करना, गुरुजी. ऊपर नहीं. और जाते टाइम पानी डालना. कंडे की आग बड़ी दगाबाज रहती, ऊपर से मरी दिखती.”

मी मान हलवली.

रेती तापली होती. सावली वर होती. जगरा आम्ही वर पेटवला, सुगंतीबाईच्या झाडापासून काही पावलांवर. हा निर्णय माझा होता. वसंता विचारत होता, “खाली म्हणे ना तो?” मी म्हटलं, काही होत नाही.

रोडगे चांगले झाले. आठवतं – चव आठवते. सुगंतीबाईला दोन दिले, ती टोपली डोक्यावर घेऊन गावाकडं गेली. आम्हाला पुढचा डोह बघायला जायचं होतं, गवे पाण्यावर येतात असं ऐकलं होतं. निघताना मी काठीनं राख सारखी केली. वर पांढरी राख, धूर नाही, काही नाही. पाणी खाली नाल्यात होतं, साठ-सत्तर पावलं उतार. आमच्या घरच्या बायका म्हणायच्या, ज्या जगऱ्यानं खाऊ घातलं त्याच्यावर पाणी ओतू नये. हे मला आठवलं खरं, पण मी त्याच्यासाठी थांबलो नाही. मला उतरायचा कंटाळा आला होता. बस, तेवढंच होतं.

लांबून मंगलू पलीकडच्या वाटेनं चालला होता. तिथूनच त्यानं विचारलं, “पानी डाला?”

“डाला,” मी म्हटलं.

तो निश्चिंत होऊन आपल्या फेरीला गेला. माझा शब्द त्याला पुरला.

डोहावर गवे नव्हते. मोर होते, दोन-तीन. पाणी हिरवं, काठावर खुरांचे ठसे. आम्ही दगडावर पाय सोडून बसलो, रमेशनं घोरून घेतलं. वाघावरून वसंताची थट्टा झाली. दोन तास गेले असतील. परत निघालो तर समोर झाडांच्या वर धूर.

आगीचं फार वर्णन करत नाही. सागाच्या पाल्यातून ती सरकत जाते, आवाज तडतड, उंच नसते, पण रुंद असते. जगऱ्यातून निखारा वाऱ्यानं बाहेर पडला, पाल्यातून गेला, सुगंतीबाईनं झाडून लावलेल्या ढिगाला लागला. तिथून मोठी झाली. तिचा मोह बुंध्यापासून काळा पडला होता. मंगलू आणि गावचे काही लोक फांद्यांनी झोडपत होते. आम्हीही झोडपलं. दुपार उतरेपर्यंत ती नाल्याशी येऊन थांबली. माणूस भाजलं नाही. जंगलाचा एक मोठा तुकडा गेला.

मग नाकेदार सायकलवर आला. वही काढली. मंगलूला चार शिव्या दिल्या आणि आमच्याकडं वळला. आमचे पांढरे कपडे काजळीनं भरलेले. त्यानं विचारलं, आप कौन? मी सांगितलं, मास्तर, सौंसर. त्याचा आवाज बदलला. म्हणाला, आप पढ़े-लिखे आदमी हो, आपने क्या देखा?

इथं – इथं मी थांबतो दर वेळी, मनात सांगतानाही.

जगऱ्याची राख आगीनं सगळ्या राखेत मिसळून गेली होती. काही ओळखू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं: सरकारी नोकरी, मनाई असलेल्या जागी चूल, निलंबन. घरी दोन पोरी. मी हात वर केला आणि त्या काळ्या मोहाकडं दाखवलं. म्हटलं, त्या झाडाखाली पाला जळत होता.

तेवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, झाडाला मालक होता. नाकेदारानं विचारलं, किसका पेड़? गावच्या लोकांनी मंगलूकडं बघितलं.

मंगलू माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं. पाणी टाकलं नाही हेही कळलं, आणि मी काय केलं हेही. पण तो बोलणार काय? चूल पेटवू दिली असं म्हटलं तर नोकरी जाणार, आणि न म्हटलं तरी जाणार. फरक एवढाच होता की बोलला असता तर दोष त्याच्यावर आला असता, गप्प राहिला तर बायकोवर. तो गप्प राहिला. मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याला त्या जागी उभा मी केला होता.

पंचनाम्यावर सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

परत येताना रमेश म्हणाला, “गुरुजींनी वाचवलं आज.” वसंता कन्हानचा पूल आल्यावर एवढंच म्हणाला, “बाईचं काय होईन, भाऊजी?” मी म्हटलं, काही होत नाही. त्या दिवसात हे मी दुसऱ्यांदा म्हटलं होतं.

काय झालं ते कळत गेलं. मोहगावच्या बाजारात, इकडून तिकडून. मंगलूला कामावरून काढलं. सुगंतीबाईवर केस लिहिली गेली, वनखात्याच्या रेंज ऑफिसात तिला हेलपाटे घालावे लागले. गावातही तिचंच नाव झालं – आग राखणाऱ्याच्या बायकोनंच आग लावली. त्या आगीत इतरांचेही मोह गेले होते, लोकांचा राग खरा होता. गावच्या पटेलनं, म्हणजे पाटलानं, तिची वाचलेली झाडं काढून दुसऱ्या घराला दिली.

हे सगळं ऐकून मी काय केलं? शाळेत जात होतो.

आता जे सांगायला हे लिहायला बसलो ते सांगतो.

त्याच वर्षी, हिवाळ्यात, संत्र्याची तोडणी सुरू झाली तेव्हा मी तिगावला वसंताकडं गेलो होतो. त्याच्या शेजारच्या मोठ्या बागेत तोडणीला बाया आल्या होत्या, त्यांत सुगंतीबाई होती. जंगलातलं काम गेलं म्हणून इतक्या लांब मजुरीला आलेली. तिनं मला लांबूनच ओळखलं. फांदीखालून वाकून बाहेर आली, पदराला हात पुसत.

“भाऊ,” म्हणाली, “मी तुमचीच आठवण करून राहिली होती.”

पंचनाम्यावर कुणाची सही आहे हे तिला माहीत नव्हतं. मंगलूनं सांगितलं नव्हतं. आमचा जगरा तिनं पाहिला होता, पण माहेरच्या माणसानं पाणी टाकलंच असणार, असं ती धरून असावी. ती म्हणाली, “कोणीतरी साहेबाले सांगतलं म्हणे, माह्या झाडाखाली आग पाह्यली. कोण मेला असन? तुमी तं पाह्यलं होतं ना भाऊ, मी झाडत होतो म्हून?”

मी म्हटलं, हो, पाहिलं होतं.

“मंग एक अर्ज लिवून द्या. तुमी शिकलेले. मोठ्या साहेबाले पाठवतो.”

आमच्या भागात मास्तरांना अर्ज लिहून मागतात. रेशनचा, विहिरीचा, बदलीचा; बोली मराठी असली तरी सरकारी कागद हिंदीतच. मी शेकड्यांनी लिहिले असतील. वसंताच्या ओट्यावर बसलो, त्याच्या पोरीच्या वहीतला कागद घेतला आणि लिहिला. ‘सविनय निवेदन है कि प्रार्थिनी निर्धन आदिवासी महिला है. प्रार्थिनी ने आग नहीं लगाई. प्रार्थिनी का पति स्वयं अग्नि-रक्षक था, अतः प्रार्थिनी पत्ते झाड़ू से साफ करती थी.’ सगळं खरं होतं त्यात. एकच गोष्ट नव्हती. ती लिहिली असती तर बाकीच्या ओळींची गरजच नव्हती. आणि ती नसताना त्या अर्जाला काही किंमत नाही हेही मला माहीत होतं, कारण त्याच फाईलीत त्याच्या खाली माझीच सही असलेला कागद होता.

ती समोर उकिडवी बसून माझ्या हाताकडं बघत होती. लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. प्रार्थिनी म्हणजे काय, विचारलं तिनं. मी सांगितलं – मागणारी. तिनं अंगठा दिला. म्हणाली, “माहेरचं माणूस कामी येते शेवटी.” दुसऱ्या दिवशी वसंताच्या घरी माझ्यासाठी चारोळीची पुरचुंडी ठेवून गेली. आमच्या घरी त्या चारोळ्या खिरीत पडल्या. मी खाल्ली.

आग चुकीनं लागली. सही भीतीनं केली. अर्ज? त्याला मी काय म्हणू? त्या ओट्यावर मला कुणाची भीती नव्हती, घाई नव्हती, ऊन नव्हतं. पाऊण तास होता माझ्याजवळ. मी शुद्धलेखन तपासलं.

अर्जाचं काही झालं नाही. होणार नव्हतंच.

त्यानंतर मी शिकवत राहिलो. आठवीला अर्जलेखन असतं. गेल्या वर्षी पोरांनी नमुना मागितला, मी फळ्यावर लिहायला लागलो आणि चार ओळींनंतर थांबलो. मी सुगंतीबाईचा अर्ज लिहीत होतो. एक शब्दही इकडचा तिकडं नव्हता. ‘प्रार्थिनी’च्या जागी ‘प्रार्थी’ केलं होतं फक्त. पोरं उतरवून घेत होती. मी पुसलं नाही. तास संपेपर्यंत ते फळ्यावर राहिलं.

या उन्हाळ्यात गेलो. आधी एक कागद लिहिला, सगळं क्रमानं, आणि रेंजच्या ऑफिसात दिला. तिथल्या बाबूनं वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, केस तो कब की खतम हो गई, मास्टरजी, आप क्यों मुसीबत लेते हो? मी ठेवून आलो. त्याचं काय होईल ते होईल.

मग गावात. सुगंतीबाई अंगणात चिंचा फोडत होती. केस पांढरे झालेले. मंगलू खाटेची सुंभाची वीण आवळत होता. तो मँगनीजच्या खाणीवर मजुरीला जातो, त्या दिवशी सुट्टी होती. तिनं बसायला सांगितलं, मी बसलो नाही. वाटेत फार वाक्यं जुळवली होती. त्यांतली तीन बोललो. आग माझ्या जगऱ्याची. झाड मी दाखवलं. अर्ज लिहिताना मला हे सगळं माहीत होतं.

मग मान न वळवता तिनं नवऱ्याला विचारलं, “तुले माईत होतं?”

मंगलूच्या हातात सुंभ तसंच राहिलं. “मालूम था,” तो म्हणाला.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सात वर्षं मी माझ्याच कबुलीचा विचार करत होतो. ती कबुली दिल्यावर त्या घरात काय होईल, हे मी एकदाही धरलं नव्हतं. मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि ते नेऊन त्या दोघांच्या मध्ये ठेवलं. त्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. विचारायचा मला हक्कही नाही.

तिनं चिंचांचं सूप बाजूला सारलं आणि उठली.

“मले सांगून काय फायदा?” म्हणाली. “म्या लावली नाही, हे मले तं पयलेपासून माईत आहे. गावाले सांगा.”

ती पुढं चालली, मी मागून. मंगलू आला नाही. पटेलच्या छपरीत सात-आठ माणसं बसली होती, काही बाया हातपंपावर होत्या. पटेल म्हणजे ज्यानं तिची झाडं दुसऱ्याला दिली तोच, आता फार म्हातारा. ती छपरीच्या खांबाशी उभी राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, बोला.

मी हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. इथं मराठीत लिहितो. मी म्हटलं, त्या वर्षीची आग मी लावली. पाणी टाकलं असं खोटं सांगितलं. नाकेदाराला सुगंतीबाईचं झाड मी दाखवलं, कागदावर सही माझी आहे. तिचा अर्जही मीच लिहिला आणि त्यात हे लपवलं. तिनं काही केलं नाही. मी तिची माफी मागतो, मंगलूची मागतो, तुम्हा सगळ्यांची मागतो.

पंपाचा आवाज थांबला होता. पटेलनं कानामागं हात धरला आणि पुढं वाकून विचारलं, “किसने लगाई?”

मी त्याच्या जवळ गेलो, आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं, माफीपर्यंत सगळं सांगितलं.